‘रिकामटेकड्यांची चैन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर एक मोठी प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, पण लिहिणारे नाशिकचेच आहेत आणि ‘विशारद’ या संगीत परीक्षेच्या तयारीत आहेत, एवढं मजकुरावरून कळतं. दोन ओळींत भागणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

लेखात मी म्हटलं होतं की, वर्षाला दहा-पंधरा राग उरकण्यापेक्षा एकच राग महिनोन् महिने गावा. गाण्याची समज तिथून येते आणि स्वतःचं काही सुचायला लागतं तेही तिथूनच. त्यावर आपलं म्हणणं असं : भूप आणि देसकार या रागांचं मी दिलेलं उदाहरण घासून गुळगुळीत झालेलं आहे, नोकरदार माणसाला परीक्षेचं वेळापत्रक हाच आधार असतो, आणि गायक आणि संगीतगुरू विष्णु दिगंबर पलुसकरांच्या नाशकात बसून परीक्षांना नावं ठेवणं शोभत नाही. शेवटी एक वाक्य : ‘एकच राग सहा महिने घोळवत बसणं ही रिकामटेकड्यांची चैन आहे.’

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडणारे लोक आहेत आणि त्यांच्याशी माझे उत्तम संबंध आहेत. पण भांडायचीही एक रीत असते. समोरचा माणूस कोण, कुठून आला, कसा शिकला, याची विचारपूस न करता त्याला रिकामटेकडा ठरवून मोकळं व्हायचं आणि वर ‘राग मानू नये’ असं लिहायचं, ही कुठली पद्धत?

भूप-देसकारचं मान्य. पाच स्वर तेच, भूपात वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार (ग), देसकारात धैवत (ध), हे प्रत्येक क्लासात पहिल्या-दुसऱ्या वर्षी सांगतात. दुसरं उदाहरण घ्यायला हवं होतं. ते आता घेतो, आणि त्यातच चैनीचंही उत्तर आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर उभा असायचो. फर्स्ट शिफ्ट दुपारी सुटली की अंघोळ करून सायकल काढायची आणि त्र्यंबक रोड, सीबीएस, रविवार कारंजा करत होळकर पूल ओलांडून पंचवटीत गुरुजींकडे जायचं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात शिकवणी बुडायची. घरी दोन खोल्या आणि माणसं सहा, त्यामुळे आवाज मोकळा सोडून रियाज करायची सोय नव्हती. मग कँटीनमधल्या रेडिओवर जे लागेल त्याची मनात सरगम करायची. जाहिरातीची धून असो की भक्तिगीत, आधी षड्ज (सा) कुठला ते धरायचं, मग एकेक स्वर ओळखायचा. हातात डबा, तोंड बंद. याला आपण चैन म्हणत असाल तर म्हणा.

त्या दिवसांत गुरुजींनी मारवा राग सुरू केला. या रागात पंचम नाही, म्हणून त्यांनी तानपुऱ्याची पंचमाची तार चढवून निषादाला लावली. मग नि रे, ध नि रे, नि रे ग रे. रिषभ कोमल, आणि त्याच्यावरच थांबायचं. मी सवयीनं दर वेळी षड्जावर उतरायचो. ते हात वर करून थांबवायचे. “इतक्यात घरी कशाला येतोस? बाहेर थांब.” कित्येक आठवडे एवढंच. बंदीश नाही, तान नाही.

आता परीक्षेचं बघा. ‘मारव्याचे वादी-संवादी सांगा.’ रिषभ आणि धैवत. पूर्ण गुण. पण वादी आणि संवादी, म्हणजे रागातला दुसरा महत्त्वाचा स्वर, यांच्यात सहसा षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भाव असतो, म्हणजे सा-प किंवा सा-म यांच्यात असतं तेवढंच अंतर असतं, आणि एक दुसऱ्याला आधार देतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात तो नाही. रिषभावर थांबलात की आधारासाठी कान धैवताकडे जातो, आणि धैवतावर गेलात तर तोही आधार देत नाही. त्यात षड्ज टाळलेला. मारवा ऐकताना सूर्यास्ताच्या वेळची ती हुरहुर होते, तिचं बरंचसं कारण इथे आहे. मला हे पुस्तकात सापडलं ते फार नंतर. गळ्याला आधी कळलं होतं, कारण गळा रोज तिथे अडकत होता.

त्यानंतर पूरिया घेतला. स्वर तेच सहा. पण वजन गंधारावर आणि निषादावर, आणि या दोघांत षड्ज-पंचम भाव आहे. चाल मंद्राकडे, म्हणजे खालच्या सप्तकाकडे झुकलेली. पहिल्याच दिवशी आवाज असा स्थिरावला की मी गाता गाता थांबलो. मग तेच सहा स्वर घेऊन सोहनी, धैवत-गंधारावर, तार षड्जाच्या म्हणजे वरच्या ‘सा’च्या आसपास, उत्तररात्रीचा. कागदावर तीन रागांचे स्वर सारखे, आणि गाताना तीन वेगळी माणसं समोर उभी राहतात. मारव्यात तेवढे दिवस अडकलो नसतो तर पूरिया मला ‘मारव्यासारखाच एक राग’ वाटला असता. पाठांतरानं तो तसाच वाटतो, हे मी शिकवताना रोज बघतो.

सुचण्याबद्दलही सांगतो. एका संध्याकाळी धैवत-निषादावरून चढताना तार षड्ज ओलांडून मी सरळ रिषभावर गेलो आणि तिथे थांबलो. ती जागा मोठमोठ्यांनी असंख्य वेळा घेतली आहे, हे रेकॉर्ड ऐकताना पुढे लक्षात आलं. पण मला ती कुणी शिकवली नव्हती. षड्ज टाळायची इतकी सवय झाली होती की गळा आपोआप तिकडे गेला. सर्जनशीलता म्हणतात ती मला अशी भेटली. कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गायकांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गायचे. गुरू बी. आर. देवधरांकडे शिकायला आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. स्वतःचं असं जे त्यांनी दिलं ते पुढे, देवासला आजारपणात, गाणं बंद असताना माळव्यातली लोकगीतं ऐकून ऐकून मुरल्यावर. त्या वर्षांना आपण काय म्हणाल?

विष्णु दिगंबरांचं नाव आपण माझ्यावर उगारलंत, याचं वाईट वाटलं. ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या माणसाबद्दल मला काय वाटतं ते या ब्लॉगवर पूर्वी लिहिलेलं आहे. शोधलंत तर मिळेल. आज ज्या परीक्षांना आपण बसता त्या घेणारं मंडळ १९३१ साली, त्यांच्या निधनानंतर उभं राहिलं. त्यांनी स्वतः विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ, नारायणराव व्यास घडवले ते वर्षानुवर्षं सोबत ठेवून. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुसकर १९२१ साली याच नाशकात जन्मले. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते, आणि पुढची तालीम विनायकरावांकडे झाली. परंपरेचा दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा.

नोकरदारांना परीक्षेचा आधार वाटतो, हा आपला उरलेला मुद्दा. वाटत असेल. परीक्षा देऊ नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे परीक्षा देतात आणि त्यांचे फॉर्म मीच भरून देतो.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. मारवा-पूरियाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून उत्तर देईन. मात्र ‘रिकामटेकडे’ हा शब्द आपण आपणहून मागे घ्यावा. तोवर आपल्या पुढच्या प्रतिक्रियांना माझ्याकडून उत्तर मिळणार नाही.