शहाण्णव दिवसांचा पहारा

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा फादर स्टॅन स्वामींचा विषय पुन्हा निघाला. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेल्या आणि पार्किन्सन्समुळे पेला हातात धरता येत नाही म्हणून तळोजा कारागृहात पाणी प्यायला नळी मागावी लागलेल्या या जेझुइट धर्मगुरूंचे ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा प्रश्न उच्च न्यायालयात लोंबकळत असतानाच, वयाच्या ८४व्या वर्षी मुंबईत निधन झाले. देशोदेशीच्या जेझुइटांनी त्यांच्यासाठी प्रार्थनासभा घेतल्या होत्या. पुण्याच्या दादाने त्यावर एका ओळीत निकाल दिला: ‘त्यांची माणसे त्यांच्यामागे उभी राहिली, यात विशेष ते काय?’

दादाचा प्रश्न मला झटकून टाकता येत नाही, कारण मी राहतो त्या हेग शहरातल्या ज्या घटनेचा मला अभिमान वाटतो, तिलाही तो तितकाच लागू पडतो. येथील बेथेल नावाच्या छोट्या प्रोटेस्टंट प्रार्थनागृहाने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी एका आर्मेनियन कुटुंबाला आसरा दिला. वडील मायदेशी राजकारणात सक्रिय होते आणि जिवाच्या भीतीने देश सोडून आले होते. तीन मुले नऊ वर्षे येथेच वाढली होती, आणि तरीही सरकारने त्यांना परत पाठवायचे ठरवले होते. उपासना चालू असताना पोलिसांनी प्रार्थनास्थळात शिरू नये, असे डच कायदा सांगतो. तेव्हा मंडळींनी उपासना सुरू केली आणि ती संपवलीच नाही. निरनिराळ्या पंथांचे शेकडो धर्मोपदेशक देशभरातून आणि देशाबाहेरूनही पाळीपाळीने येत राहिले आणि तब्बल ९६ दिवस, रात्रंदिवस, ती उपासना अखंड चालली.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी तेथे जाऊन मागच्या बाकावर बसलो. समोर पाच-सहा माणसे होती. एक वयस्कर बाई स्तोत्रे वाचत होत्या. त्यांचा आवाज बसत आला होता. त्यांची जागा घ्यायला आलेला तरुण ओला कोट न काढताच शेजारी येऊन उभा राहिला, त्याने चालू ओळीवर बोट ठेवले आणि दोन ओळी दोघांनी मिळून म्हटल्यावरच बाई खाली बसल्या. मला आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवला. तेथेही पहारा बदलताना वीणा जमिनीला टेकत नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. जगातली मोठमोठी न्यायालये असलेल्या या शहरात त्या कुटुंबाच्या उपयोगी पडली ती ही पहाऱ्याची रीत, आणि ती आपल्याकडे गावोगावी रुजलेली आहे.

जानेवारी २०१९ अखेर सरकारमधील पक्षांनी तडजोड केली. या कुटुंबासारख्या शेकडो मुलांच्या प्रकरणांचा फेरविचार करायचे ठरले आणि ३० जानेवारीला उपासना थांबली. या तडजोडीची किंमत मात्र येथे फारशी कोणी सांगत नाही: संयुक्त राष्ट्रांमार्फत दरवर्षी घेतल्या जाणाऱ्या निर्वासितांची संख्या ७५० वरून ५०० वर आणली गेली. त्या अडीचशेंसाठी कोणी स्तोत्रे वाचली नाहीत. शिवाय ते कुटुंब ख्रिस्ती होते. मुसलमान कुटुंब असते तर उपासना शहाण्णव दिवस टिकली असती का, असे दादा विचारेल, आणि मला छातीठोकपणे ‘हो’ म्हणता येणार नाही.

पण स्टॅन स्वामींबद्दल दादाचे वाक्य अर्धेच खरे आहे. जेझुइट त्यांच्यामागे उभे राहिले; ते स्वतः मात्र झारखंडमधल्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि वर्षानुवर्षे खटल्याविना खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी झटत होते, आणि त्या कैद्यांची बाजू घेताना कोणाचा धर्म विचारण्याचे त्यांना कारण नव्हते. आपल्याकडे हे नवे आहे असेही नाही. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून उपोषण आरंभले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. गावातले वातावरण विरोधाचे असताना एका वारकरी महाराजांनी आपल्या मठात जागा दिली, आणि ती देताना ‘आपली माणसे’ या शब्दांचा अर्थ दादाच्या अर्थापेक्षा बराच रुंद धरला. उपोषण दहा दिवस चालले आणि मंदिर उघडण्याचे मान्य झाले.

म्हणून ‘साधुसंतांनी हक्कांच्या भानगडीत पडू नये’ हे घरचे वाक्य मला पटत नाही. ‘आमच्याकडे धर्म आणि राजकारण वेगळे आहेत’ हे येथील सहकाऱ्यांचे वाक्यही त्या प्रार्थनागृहात तासभर बसल्यावर पटेनासे होते.

हे सगळे मी दादाला लिहिले. त्याने वाद घातला नाही. तासाभराने गावच्या यंदाच्या सप्ताहाच्या पहाऱ्याची यादी त्याने गटावर टाकली. आळीवार नावे होती, रात्री दोन ते चारची ओळ रिकामी होती, आणि गावाबाहेरच्या पारधी वस्तीतले एकही नाव त्या यादीत नव्हते. खाली दादाने एवढेच लिहिले होते: ‘मंडळाशी बोलतो. पण विचारायला वस्तीवर तूही चल, या वेळी सुट्टी काढून ये.’