कटकट, दुसरा मजला

मुंबईत फोनमध्ये कुणाला आडनाव नसतं. आडनाव लेटरबॉक्सवर आणि लाइटबिलावर. फोनमध्ये माणसाला काम असतं, मजला असतो, नाहीतर स्टेशन असतं. माझ्याकडे ‘गीता ७.४२ खिडकी’ आहे, ‘गीता ब्लाउज’ आहे आणि ‘गीता गीता’ आहे, ती शाळेपासूनची. ‘चष्मा मुलुंड’ आहे. ‘कोळीण पापलेट महाग’ आणि ‘कोळीण सुरमई खरी’ या दोघी आहेत. ‘इलेक्ट्रिशियन लबाड’ आणि ‘इलेक्ट्रिशियन येत नाही’ यांच्यातून निवड करायची झाली तर मी लबाडाला बोलावते. पंखा निदान फिरतो.

यात दुष्टपणा नाही, सोय आहे. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, मागून रिक्षा अंगावर येतेय, अशा वेळी मला समोरच्याचं नाव नको असतं, इशारा हवा असतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या फोनमध्ये ‘कटकट दुसरा मजला’ आहेत. फोन वाजला की कळतं, दीर्घ श्वास घेऊन उचलायचा. थोरल्या दिरांचा एक मित्र नुसता ‘उचलू नये’ आहे. त्याचं खरं नाव मला आता आठवतही नाही.

ही माझी खासगी वही होती. पण मुलगा नोकरीसाठी पुण्याला जाताना आमच्या दोघांच्या फोनला एकच गूगल अकाउंट जोडून गेला. “बॅकअप राहील, आई.” तेव्हापासून माझी माणसं ह्यांच्याही फोनमध्ये राहायला गेली. ह्यांचे स्वतःचे नंबर मोजकेच, आणि सगळे ‘ऑफिस’ या नावाचे.

हे निवृत्त झाले आणि लाडू फोडायला लागले. मोबाइलवरचा खेळ आहे. एका रंगाचे तीन लाडू एका रांगेत आणले की ते फुटतात आणि घंटी वाजते. चुकलं की एक जीव जातो. पाच जीव गेले की खेळ थांबतो आणि अर्ध्या तासाने एक जीव परत मिळतो. जेवताना मी भाकरी वाढत असते आणि हे खिन्न आवाजात सांगतात, “संपले गं माझे जीव.” पहिल्यांदा शेजारच्या काकू पाणी घेऊन धावत आल्या होत्या.

यावर उपाय वन्संच्या मुलाने काढला. त्याने व्हॉट्सॲपवर त्याच खेळाची एक फाइल पाठवली. यात म्हणे जीव संपतच नाहीत. प्ले स्टोअरमधली नाही, अशीच कुठून तरी आलेली. फाइल बसवताना ह्यांच्या जुन्या फोनने रीतसर सावध केलं. मग खेळाने विचारलं, तुमचे संपर्क पाहू का? एसएमएस पाठवू का? लोकलच्या दारात कुणी ‘पुढे सरका’ म्हटलं की मान वर न करता माणूस सरकतो, तसे हे ‘अनुमती द्या’ दाबत पुढे सरकत गेले.

मी ऑफिसमधून दुपारी चहाला खाली उतरले होते, तेव्हा ‘गीता ७.४२ खिडकी’चा फोन आला. “तुझ्या मिस्टरांचा मेसेज आलाय. मला खिडकी का म्हणतायत?” तिने वाचून दाखवला. “प्रिय गीता ७.४२ खिडकी, तुमचा मित्र तुम्हाला लाडू फोडण्यास आमंत्रित करीत आहे. त्वरित सामील व्हा आणि त्याला ५ जीव भेट द्या!”

पुढचे तास कसे गेले ते सविस्तर सांगत नाही. ‘चष्मा मुलुंड’ने अभिनंदन केलं, कशाबद्दल ते कळलं नाही. ‘कोळीण सुरमई खरी’ खूश होती. ‘कोळीण पापलेट महाग’ने मला फोन केला आणि एकच वाक्य बोलली, “ताई, डिझेलचा भाव बघा आधी.” यावर काय बोलणार? बरोबरच होतं तिचं.

लबाड इलेक्ट्रिशियनला मात्र ‘लबाड’ दिसलंच नव्हतं. तो घाबराघुबरा होऊन कुजबुजत होता, “वहिनी, साहेबांनी ॲपवरून कर्ज घेतलंय का?” त्याच्या भावाने एकदा घेतलं होतं. हप्ता चुकला तर वसुलीवाल्यांनी भावाच्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज केले, सासऱ्यांना, गावच्या सरपंचांना, मुलीच्या बाईंना. हे इतकं बोकाळलं होतं की २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला नियमात लिहावं लागलं, कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाची संपर्क यादी, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही. त्याला साहेब लाडू फोडतायत हे समजावून सांगेपर्यंत मला घाम फुटला. “कर्ज नाही ना? मग ठीक आहे,” म्हणाला. तेव्हापासून मी त्याचं नाव बदलायचा विचार करते आहे.

आणि मग अण्णामामांचं उत्तर आलं.

अण्णामामा जाऊन बरीच वर्षं झाली. नंबर पुसायला हात होत नाही, म्हणून ते आमच्या यादीत सगळ्यांत वर आहेत. ह्यांच्या फोनवर त्यांच्या नावाने एसएमएस आला, “कौन सा लड्डू?” हे सोफ्यावरून उठून उभे राहिले. मामा आयुष्यात हिंदी बोलले नव्हते, एवढाच काय तो धीर. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनी निदान ९० दिवस कुणाला देत नाही, मग देऊ शकते, हे आम्हाला भाचीने नंतर सांगितलं. आता तो नंबर कुणा भल्या तरुणाकडे आहे आणि ‘प्रिय अण्णामामा’ वाचूनही तो रागावला नाही.

भाची वकिलीत नवीन आहे, त्यामुळे कुणी विचारलं की कलमासकट सांगते. घरी पोचल्यावर मी तिला फोन लावला. तिने आधी मनसोक्त हसून घेतलं. मग म्हणाली, “मावशी, एक चांगली बातमी आहे. काकांच्या प्लॅनमध्ये दिवसाला १०० एसएमएस आहेत आणि बॅलन्स शून्य आहे. म्हणजे मेसेज शंभरावर थांबले.”

“पण आपल्याकडे तक्रारी पन्नासच लोकांच्या आहेत.”

“कारण मेसेज मराठीत आहे. इंग्रजी अक्षरं एका एसएमएसमध्ये १६० मावतात, देवनागरी फक्त ७०. एवढ्या लांब आमंत्रणाचे दोन एसएमएस धरले जातात.”

मातृभाषेने माझी निम्मी अब्रू वाचवली होती. यादी वर्णमालेप्रमाणे लागते. आम्ही ‘अ’पासून तपासत गेलो. ‘कटकट’ गेली होती. ‘डॉक्टर दात दुखवतो’ यांना गेला होता. तिथेच खेळ थांबला होता. ‘दूधवाला पाणी’ बचावला. आणि पार खाली, ‘व’मध्ये, ‘वन्सं फक्त दिवाळीला’ सुरक्षित होत्या.

“वाईट बातमी काय?” मी विचारलं.

“कोटा रात्री बारानंतर नवीन मिळतो.”

तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी ह्यांना म्हटलं, तो खेळ आत्ताच्या आत्ता काढा. हे म्हणाले, बाविसाव्या लेव्हलला आहे. मी ‘व’ उघडून फक्त त्यांच्यासमोर धरला. आपली बहीण आपल्या बायकोच्या फोनमध्ये कशी आहे हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. खेळ निघाला.

भाची तिकडून शिकवत होती. खेळ काढलात ते बरं, पण जी यादी त्यांच्या सर्व्हरवर गेली असेल ती अशी परत येत नाही. बाकीच्या ॲपचंही बघा, सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर असतो, तिथे संपर्क कोण कोण बघतंय ते दिसतं. बघितलं. टॉर्चचं एक ॲप माझ्या माणसांकडे बघत होतं. अंधारात ते ‘गीता ब्लाउज’ला शोधणार होतं का? भाची म्हणाली, पूर्वी तर अँड्रॉइडवर ॲप घेतानाच सगळ्या परवानग्यांची यादी एकदम यायची, घ्या नाहीतर सोडा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून एकेक विचारायला लागले. आणि अँड्रॉइड ११ पासून एखाद्या परवानगीला दोनदा नाही म्हटलं की ते ॲप तिसऱ्यांदा विचारू शकत नाही. हे ऐकून मी ह्यांच्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा चहा मागण्याच्या बेतात होते, ते थांबले.

मग मी तिला मुद्द्याचं विचारलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं ना, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे? मग एका निवृत्त माणसाने दुपारी दोन वाजता अंगठ्याने तो पन्नास जणांच्या वतीने सोडला कसा? कोळणीला कुणी विचारलं? डॉक्टरांना कुणी विचारलं?

“अगदी बरोबर प्रश्न आहे, मावशी,” म्हणाली आणि तिने २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा काढला. त्यात चक्क याच भानगडीचं उदाहरण दिलंय. एक बाई घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणारं ॲप घेते, ॲप तिची संपर्क यादीही मागतं, ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला संपर्क यादी लागत नाही, तेव्हा तिची संमती सल्ल्यापुरतीच धरायची. लाडू फोडायला कोळीण लागत नाही, हे मला कायदा न वाचता कळत होतं, पण छापलेलं आहे म्हटल्यावर बरं वाटलं.

“आणि मी त्यांना ‘कटकट’ लिहिते त्याचं काय?”

“घरगुती, वैयक्तिक कामासाठी एखाद्याने ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही.”

म्हणजे ‘कटकट’ला संसदेची हरकत नाही. फक्त ती दुसऱ्या मजल्यावर पोचवायला नको होती.

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘सभासदांनी अनधिकृत ॲप वापरू नयेत’ अशी नोटीस लागली, खाली सही, सहीखाली ‘दुसरा मजला’. माणसाकडे विनोदबुद्धी आहे हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. नाव मात्र मी बदललेलं नाही. पाण्याच्या टाकीवरून परवाच फोन आला होता.

राहता राहिल्या वन्सं. त्यांना काहीच गेलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज बसलेला.

“वहिनी, दादाने म्हणे सगळ्यांना बोलावलं. कोळणींना बोलावलं, इलेक्ट्रिशियनला बोलावलं. फाइल माझ्या मुलाने दिली. आणि आम्हाला साधा एक मेसेज नाही?”

मी सांगितलं, वन्सं, ते आमंत्रण नव्हतं हो, खेळाने आपोआप पाठवलं.

“आपोआपसुद्धा आमची आठवण झाली नाही, असंच ना?”

मी फोनवर हात धरून ह्यांना म्हटलं, त्यांना एक आमंत्रण पाठवा. पण स्वतः टाइप करा, आणि ‘प्रिय’च्या पुढे काय लिहिताय ते आधी मला दाखवा.