पांढरं सिमेंट भरलं की तडा मिटला?

सांगोल्याजवळ मामांनी मे महिन्यात स्लॅब टाकला. तिसऱ्या दिवशी त्यावर बारीक तड्यांची जाळी दिसली. आणि परवा त्यांनी मलाच एक फॉरवर्ड पाठवला: ‘स्लॅबला तडे का जातात? बिल्डर हे सांगणार नाहीत!’ भाचा अकरा वर्षं साइटवर उन्हात उभा आहे, पण पटलं ते फॉरवर्डचं.

‘सिमेंट कमी पडतं म्हणून तडे जातात, दीडपट टाका.’ चोर गवंडी सिमेंट खातात, नाही म्हणत नाही. पण तसं कॉंक्रीट भुसभुशीत होतं, नखानं खरवडलं तरी झडतं. जाळी पडते ती वेगळ्याच कारणानं. आयएस 456 हे आपल्याकडचं कॉंक्रीटचं मानक, सन 2000चं. त्यात सिमेंटला वरची मर्यादा आहे: घनमीटरला सहसा 450 किलो. कारणही तिथंच दिलंय, जास्त सिमेंटचं कॉंक्रीट सुकताना जास्त आकसतं आणि तडकतं. खरा घोळ पाण्याचा. एम-20च्या, म्हणजे घराच्या स्लॅबला सहसा वापरतात त्या ताकदीच्या कॉंक्रीटच्या, साध्या मिश्रणात 50 किलोच्या गोणीला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी. मामांच्या मिक्सरवर पाण्याचं माप नव्हतंच, पाइप सोडलेला होता. त्यात दुपारचं ऊन आणि वारा. ते तडे पहिल्या दोन-चार तासांतच पडले असणार, मामांना दिसले तिसऱ्या दिवशी.

‘वरून कोरडं सिमेंट भुरभुरा.’ नको. वरची साय तेवढी आकसते आणि जाळी आणखी दाट होते.

‘हल्लीचं सिमेंट लवकर सेट होतं, तीन दिवस पाणी पुरे.’ गोणीवर पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असं लिहिलंय ना? मग किमान 10 दिवस, आणि अशा कोरड्या उन्हाळ्यात 14. आळी करून पाणी साठवा, नाहीतर ओलं गोणपाट टाका.

आता ज्यासाठी मी चिडलोय ते. ‘तडा केसाएवढा असो की बोटाएवढा, पांढरं सिमेंट भरा, रंग द्या, विषय संपला.’ अहो, तडा कुठं आहे, कुठल्या दिशेनं जातोय, वाढतोय का, हे कोण बघणार? त्याच मानकात साध्या ठिकाणी 0.3 मिलिमीटरपर्यंतचा तडा चालतो. मामांची जाळी त्यात बसते, त्यासाठी झोप घालवू नये. पण सळईच्या रेषेत तडा असेल, तांबूस डाग असतील, हातोडीच्या दांड्यानं ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तर आत सळई गंजतेय. गंज फुगतो आणि कॉंक्रीटचे पोपडे खाली पाडतो. त्यावर रंग दिला की खूणच पुसली, गंज चालूच.

आणि गॅलरी. अधांतरी गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला हवी. स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात, सळई दबून खाली बसते. मग भिंतीलगत, वरच्या अंगाला, सरळ लांब तडा येतो. हा तडा आकसण्याचा म्हणून सोडायचा नसतो.

मामांनी फॉरवर्डखाली लिहिलं होतं, ‘गॅलरीत भिंतीला लागून एक होता, तोही भरून घेतला.’ मी लगेच फोन केला. कुंड्या उचला, खाली टेकू लावा, मुलांना तिथं जाऊ देऊ नका. शनिवारी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन येतोय, तोवर त्याला रंग लावू नका.