पृथ्वी वाचवायला निघालात? उखाणा पाठ आहे ना?

हवामानाचं जागतिक नेतृत्व करायचं मनावर घेतलंच असेल, तर सौर पॅनेलच्या नादी लागू नका. आधी नाव न घेण्याची सवय लावा. आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी. हवामानबदल रोखायला जगाने केलेला 2015 चा पॅरिस करार चाळून बघा. तापमानाची काळजी भरपूर, पण 'जीवाश्म इंधन' (म्हणजे कोळसा, तेल, वायू) हा शब्द औषधालाही सापडायचा नाही.

फारच आग्रह झाला, तर क्रियापद जपून वापरा. संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद दरवर्षी नव्या गावी भरते. 2021 साली ग्लासगोतल्या परिषदेच्या मसुद्यात कोळसा 'टप्प्याटप्प्याने बंद' होणार होता. शेवटच्या घटकेला भारताने सुचवलं आणि तो 'टप्प्याटप्प्याने कमी' झाला. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांचा व्यासपीठावरच गळा दाटून आला. (आपलं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गरिबाच्या कोळशावर बोट ठेवायचं आणि श्रीमंताच्या तेला-वायूबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा कुठला न्याय? पुढच्या वर्षी आपण 'मग सगळीच इंधनं कमी करू' म्हणालो, तर ते मसुद्यात आलंच नाही.)

मग 2023 मध्ये दुबईच्या परिषदेत एकदाचं नाव घेतलं गेलं. यजमान अमिराती, आणि अध्यक्ष सुलतान अल जाबेर, म्हणजे तिथल्या सरकारी तेल कंपनीचेच प्रमुख. ठरलं काय, तर जीवाश्म इंधनांपासून 'दूर जायचं'. आपण नाही का निघताना 'येतो' म्हणत आणि दारात अर्धा तास बोलत उभे राहत? उखाण्यातच सांगायचं तर:

दुबईच्या मंडपात टाळ्यांचा कडकडाट,
तेलरावांपासून दूर जाते, पण बघू नका वाट.

पुढच्या वर्षी बाकूमध्ये अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव यांनी तेल आणि वायू ही देवाची देणगी असल्याचं सांगून टाकलं. देवाचं दिलेलं कोण नाकारणार?

घरचं मात्र स्वच्छ ठेवा, त्यासाठी नॉर्वेकडे शिकवणी लावा. 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. तिथे निघणारा तेल-वायू जातो निर्यातीला. आणि नियमच असा आहे की इंधन जिथे जळेल, त्याच देशाच्या खात्यात धूर मांडायचा. तुमची वही कोरी, गिऱ्हाइकाची काळी.

ब्राझीलचा धडाही गिरवण्यासारखा आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या समुद्रात तेल शोधायला सरकारी कंपनीला परवाना दिला. नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनच्या प्रदेशातल्या बेलेमला परिषदेसाठी जगाला बोलावून अध्यक्ष लुलांनी जीवाश्म इंधनमुक्तीचा आराखडा मागितला. ऐंशीहून अधिक देश 'हो' म्हणाले. अंतिम मसुद्यात जीवाश्म इंधनांचा पुन्हा उल्लेखच नाही. पॅरिसचे संस्कार, दुसरं काय!

शेवटची युक्ती हातोड्याची. तो लवकर आपटायला शिका. दुबईत निर्णय मंजूर झाल्याचा हातोडा पडला, तेव्हा समुद्र ज्यांच्या उंबऱ्याशी आलाय त्या छोट्या बेटांचे प्रतिनिधी सभागृहात पोचलेच नव्हते. आपसात विचारविनिमय करत होते बिचारे. सामोआच्या ॲन रासमुसेन यांनी नंतर माइकवर तसं सांगितलं, हा मसुदा पुरेसा नाही हेही सांगितलं. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या, चांगल्या भरपूर वेळ. मसुदा होता तसाच राहिला.