"मोबाईल लावा, बाळ पोटभर जेवेल" म्हणे!

परवा वहिनीने मला एक मेसेज पाठवला, "ताई, हे करून बघू का?" विचारत. भाचा आठ महिन्यांचा आहे, दोन घास खाऊन तोंड फिरवतो, म्हणून ती काळजीत, आणि तेवढ्यात हे "बाळ जेवत नाही? घरगुती रामबाण उपाय" तिच्या माहेरच्या ग्रुपवर आलं. वाचून डोकंच फिरलं.

पहिला उपाय: जेवताना मोबाईलवर बालगीतं लावा, बाळ दुप्पट खातं आणि लवकर बोलतं. आता, मोबाईल लावला की जास्त घास जातात हे खरंय, नाकारत नाही. पण कसे जातात ते जरा शेजारी बसून बघा. डोळे स्क्रीनवर, चमचा आला की तोंड उघडतं, घास गालात तसाच राहतो, आई म्हणते गिळ, मग कधीतरी गिळतं. पोट भरलं की बाळ मान फिरवतं, ओठ मिटतं, चमचा ढकलतं, ती त्याची सांगायची पद्धत असते, आणि मोबाईल नेमकी तीच बंद पाडतो. काही दिवसांनी फोनशिवाय तोंडच उघडत नाही, मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्पष्ट लिहिलंय की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभराच्या वर नाही. कुणी म्हणेल आपणही चिऊचा घास काऊचा घास करूनच भरवतो की! हो, पण तिथे भरवणारी बाळाच्या तोंडाकडे बघत असते, त्याने हुंकार दिला की उत्तर देते, थांबायचं कधी ते तिला कळतं. बोलणंही त्या देवाणघेवाणीतूनच येतं, फोन कुठे बाळाला उत्तर देतो?

दुसरा उपाय, मध चाटवा, भूक लागते. हे सगळ्यात वाईट!! वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही. त्यात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, मग बद्धकोष्ठ होतं, रडण्याचा आवाज क्षीण होतो, अंग सैल पडतं, श्वासावरही येऊ शकतं. मध गावरान आहे, जंगलातला आहे, याने काही फरक पडत नाही आणि घरी उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. "आमच्याकडे जन्मल्याबरोबर चाटवतात, काही झालं नाही" हे मला सांगू नका, ज्याच्या बाळाला झालं त्याला विचारा.

बाकीचं थोडक्यात. साबुदाण्याची खीर वजन वाढवते, असेल, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन आणि लोह नावालाच. दूध-बिस्किटाने पोट भरतं खरं, पण मग वरणभाताला भूक उरत नाही आणि गाईच्या दुधात लोह फारच कमी. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळपास 69 मुलांना रक्तक्षय आहे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे हा. त्यापेक्षा मऊ खिचडी, घट्ट वरण, कुस्करलेलं अंडं, थोडं थोडं द्या.

वहिनीला सांगितलंय, अंगणवाडीत वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरची रेघ बघ. रेघ नीट वर जात असेल तर दोन घास कमी खाल्ले म्हणून घाबरू नकोस, आडवी झाली तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर मधाचं चुकीचं आहे एवढं तरी लिहा, आजच.