‘ताई, जरा काळाबरोबर चाला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी वाचली. लगेच लिहिलं असतं तर शब्द वेडेवाकडे गेले असते, म्हणून दोन दिवस थांबले.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं म्हणणं एवढंच होतं की, ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरचं रूप मुळापासून बदलणार असाल, तर जुन्या फाइल नव्यात उघडतील का आणि उघडल्यावर त्यातलं काय तुटेल, हे ग्राहकाला आधी आणि साध्या भाषेत सांगा. त्यावर तुम्ही लिहिलंत: “ताई, जरा काळाबरोबर चाला. पब्लिश केलेला कोर्स एलएमएसवर चालतोय ना? मग जुनी फाइल नीट उघडली नाही म्हणून एवढा आक्रोश कशाला? ग्राहक प्रत्येक बदलाला रडतातच. पंधरा वर्षांचं ओझं घेऊन कुठलंच सॉफ्टवेअर पुढे जात नाही. आणि फ्लॅश २०२० मध्ये बंद झालं, २०२१ मध्ये नाही.” (एलएमएस म्हणजे तयार कोर्स जिथे चढवून शिकणाऱ्यांना दाखवतात ती यंत्रणा, आणि फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं नि कोर्स चालवणारं ॲडोबीचं जुनं सॉफ्टवेअर.)

ताई म्हणालात त्याला हरकत नाही. ठाण्याच्या चरईत आमच्या इमारतीत लहानथोर सगळे मला ताईच म्हणतात. पण त्या हाकेत माया असते. तुमच्या वाक्यात ती ‘तुम्हाला यातलं काही कळत नाही’ हे न बोलता सुनावण्यासाठी आली आहे, आणि ते न कळण्याइतकी मी भोळी नाही. काळाबरोबर चाला, हे कोणाला सांगताय? २००६ साली मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून कोपरखैरण्याला उतरायचे आणि शेअर रिक्षाने महापेला कामावर जायचे. ती लाइन सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पहिलं काम ऑथरवेअर या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकले. वर्षभरात, २००७ मध्ये, ॲडोबीने ऑथरवेअर थांबवलं. मग फ्लॅश आलं, मग कॅप्टिव्हेट, मग स्टोरीलाइन. दर वेळी हातातलं हत्यार खाली ठेवून नवं उचललं, रात्री जागून शिकले, पुढे मुलीला मांडीवर घेऊनही शिकले. बदलाची भीती असती तर या धंद्यात दोन वर्षंसुद्धा टिकले नसते.

फ्लॅशच्या तारखेबद्दल तुमचं बरोबर आहे. ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपवला. लेखात २०२१ लिहिलं ती माझी चूक, ती दुरुस्त केली आहे. माझ्या डोक्यात जानेवारी बसला त्याला कारण आहे. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅशच्या फाइल चालवणंच बंद केलं, आणि माझा फोन वाजायला लागला तो त्या आठवड्यात. ‘मॅडम, काल चालत होता, आज नुसता करडा चौकोन दिसतोय.’ तुम्ही म्हणता तसे ते सगळे पब्लिश केलेले आणि चालणारे कोर्स होते. ज्यांच्याकडे एफएलए म्हणजे मूळ फाइल होती त्यांचं काम मी ॲनिमेट या ॲडोबीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून, डागडुजी करून वाचवू शकले. ज्यांनी फक्त पब्लिश केलेली एसडब्ल्यूएफ जपली होती, त्यांचे कोर्स पहिल्या स्लाइडपासून नव्याने बांधावे लागले. तारखेची चूक काढताना त्या तारखेला काय झालं, याचाही थोडा विचार करायचा होतात.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येते. ‘कोर्स चालतोय ना?’

पब्लिश केलेला कोर्स म्हणजे भाजलेली पोळी. तिची पुन्हा कणीक होत नाही. पॅकेजमध्ये एचटीएमएल असतं, जावास्क्रिप्ट असते, चित्रं आणि आवाज असतात, आत काय काय आहे याची यादी देणारी मॅनिफेस्टची फाइल असते. ते एलएमएसवर चढवा, चालेल. पण त्यातलं एक वाक्य बदलायचं तर मूळ फाइलकडेच परत जावं लागतं. स्कॉर्म १.२ हे मानक २००१ चं, आजही निम्मं जग त्यावर चालतं असं माझ्या कामात तरी दिसतं. त्या मानकाने ठरवून दिलंय ते एवढंच, की पॅकेज कसं बांधायचं आणि ते एलएमएसशी कसं बोलेल: कोर्स पूर्ण झाला का, गुण किती, शिकणारा कुठे थांबला. मूळ फाइल दुसऱ्या टूलमध्ये किंवा त्याच टूलच्या पुढच्या अवतारात उघडलीच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. तिथे ग्राहक पूर्णपणे कंपनीच्या हातात असतो. म्हणून तो विचारतो. त्याला तुम्ही रडणं म्हणता.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. रबाळे एमआयडीसीतला एक रासायनिक कारखाना. तिथल्या कंत्राटी कामगारांसाठी मी काही वर्षांपूर्वी सुरक्षेचे अकरा कोर्स मराठी आणि हिंदीत केले होते. कारखान्याने एक गेट कायमचं बंद केलं, आणि आपत्कालीन वेळी जमायची जागा दुसऱ्या टोकाला नेली. नकाशावरचा एक बाण फिरवायचा होता. दहा मिनिटांचं काम.

मधल्या काळात टूलचं नवं रूप आलं होतं. मी जुनी फाइल उघडली. ‘रूपांतर यशस्वी’ असा निरोप आला. बाण फिरवला, पब्लिश केलं, आणि एलएमएसवर चढवण्याआधी कारखान्याच्या कँटीनमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायला घेऊन गेले. तिथले एक जुने सुपरवायझर प्रत्येक स्लाइड मोठ्याने वाचत होते, कारण मागे बसलेल्या काहींना वाचता येत नव्हतं. सतराव्या स्लाइडवर त्यांनी वाचलं, “परमिटशिवाय कोणालाही टाकीत उतरता येणार.” आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, हे असंच आहे का?”

मूळ वाक्य होतं, ‘परमिटशिवाय कोणालाही टाकीत उतरता येणार नाही.’ नव्या रूपात अक्षरं मांडायची पद्धत बदलली होती. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असलेल्या आपल्या ओळींना तिने जास्त उंची दिली, मजकूर चौकटीत मावेना, आणि शेवटची ओळ कापली गेली. शेवटच्या ओळीवर एकच शब्द होता. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे पुण्या-मुंबईच्या पोराला सांगावं लागत नाही, पण ते रूपांतर तपासणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. त्याच कोर्सची माझ्याकडे असलेली इंग्रजी प्रत मी घरी येऊन उघडली. ती जशीच्या तशी होती.

बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साचलेला असू शकतो. आधी हवा तपासतात, बाहेर माणूस उभा करतात, मगच परमिटवर सही होते. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. तिथे ‘नाही’ हा शब्द गळला होता.

मी टूलच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तूर्तास जुना पब्लिश केलेला कोर्स चालू ठेवा. तुमचंच वाक्य, नाही का? जुना कोर्स एलएमएसवर उत्तम चालत होता. फक्त त्यातला बाण बंद झालेल्या गेटकडे दाखवत होता.

अकरा कोर्स, दोन भाषा. प्रत्येक स्लाइड जुन्या प्रतीशेजारी ठेवून डोळ्यांनी ताडून पाहिली. नऊ दिवस गेले. कारखान्याकडे त्याचे पैसे मागायला मला तोंड नव्हतं, कारण मीच आधी ‘दहा मिनिटांचं काम’ म्हणाले होते.

तुमच्या उरलेल्या वाक्यांवर मला फार लिहायचं नाही. पंधरा वर्षांचं ओझं वगैरे मी मीटिंगमध्ये पुष्कळ ऐकलंय, आणि जुनं सगळं उचलून न्यायला हवं असं मी कुठेही म्हटलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. २०२३ मध्ये कॅप्टिव्हेट नव्याने बांधलं गेलं, तेव्हा जुने प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हते. पण जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ या नावाने वेगळी राहिली. लोक चिडले, तरी जुनं काम कुठे उघडायचं हे त्यांना माहीत होतं. नुसतं ‘यशस्वी’ म्हणून हातात तुटकी फाइल देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. ‘ग्राहक रडतातच’ या वाक्याला मात्र मी उत्तर देणार नाही. ज्यांच्या पैशावर तुमचा-माझा पगार निघतो त्यांच्याबद्दल असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

तुम्ही ऐरोलीत अशाच एका टूलच्या टीममध्ये आहात, असं तुम्हीच लिहिलंय. मग एक करा. कारखान्याकडून परवानगी घेऊन त्या कोर्सची जुनी फाइल मी तुम्हाला पाठवते. नाव आणि नकाशा काढून टाकेन, बाकी काही बदलणार नाही. तुमच्या नव्या आवृत्तीत ती उघडा आणि सतराव्या स्लाइडवरची शेवटची ओळ काय दिसते ते इथेच खाली लिहा.