ढुम कुठे, छिक् कुठे

सोसायटीच्या गणपतीसाठी मी गाणं लिहिलं इथपर्यंत सगळं ठीक होतं, चालही आंघोळ करताना सुचली, पण मग बी विंगमधल्या ऑक्टापॅडवाल्या पोराने विचारलं, "काका, ठेका काय आहे?" आणि माझी बोलती बंद.

ठेका डोक्यात होता हो, अगदी चोख. तोंडाने वाजवून दाखवला तर म्हणाला, "परत एकदा," आणि परत एकदा भलताच निघाला. ढुम छिक्-छिक् ढुम छिक्. पण साधं ढुम नाही रे, भरलेला सिलिंडर कुणी हळूच खाली ठेवला तर कसं येईल तसं. "आणि छिक्?" फोडणीतलं जिरं. मोहरी नाही, जिरं. ऑक्टापॅड म्हणजे आठ रबरी चौकोन, त्यातून ढोलकीपासून काच फुटण्यापर्यंत काहीही निघतं, त्यामुळे नीट सांगा हा त्याचा आग्रह तसा रास्तच होता.

"ढुम आणि छिक् एकत्र येतात की मागेपुढे?"

इथे खरी गोची. डोक्यात दोन्ही एकदम वाजतात, पण तोंड एकच ना. तबल्यावाल्यांनी ही भानगड कधीच मिटवून ठेवलीय, उजव्याचा ना आणि डाव्याचा गे एकदम पडला की त्याला धा म्हणायचं, विषय संपला. मला इतकी वर्षं धा हा एकच आवाज वाटायचा.

रात्री दीडला बाथरूममध्ये (घुमतं छान) रेकॉर्ड केलं, ते पोराऐवजी फॅमिली ग्रुपवर गेलं. सकाळी सहाला आत्याचा फोन, "छाती भरलीय का रे? वाफ घे."

मग ॲप घेतलं. ओळीत १६ चौकोन, बोट लावाल तिथे वाजतं. एका मात्रेला दोन चौकोन धरून ठेका बसवला तर तो १४ मध्येच आटोपला. उरलेले दोन रिकामे बघवेनात, म्हणून तिथेही दोन ढुम टाकले, कशाला वाया घालवा. त्यावर गायला लागलो तर दर ओळीला आमची आणखी थोडी फारकत, आणि बरोबर नवव्या ओळीला आम्ही पुन्हा भेटलो, जत्रेत हरवलेल्या भावांसारखे.

पोराने बोटांवर मोजलं. "काका, गाणं सात मात्रांचं आणि ठेका आठचा. सात आठे छप्पन्न, म्हणून तिथे भेटताय. हे रूपक आहे."

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. दहावीत याच्यावर मार्क गेले होते माझे. मी म्हटलं, हो, मुद्दामच वापरलंय, बाप्पावरचं गाणं आहे ना.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाजवलं, ती ती ना धी ना धी ना. अरे हेच! पंधरा दिवस हेच तर सांगत होतो!

आता मी काय वाजवू विचारलं तर म्हणाला, "तुम्ही समेवर हात दाखवा काका, महत्त्वाचं काम आहे." मी खूश. रूपक तालात समेवरच खाली असते, म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी नाहीच, हात नुसता हवेत फिरवायचा, हे पेटीवाल्या आजोबांनी मागाहून सांगितलं, हसू दाबत.

तर पाचव्या दिवशी पहिल्या रांगेत बसून मी अख्खं गाणं मन लावून हवेत हात फिरवत होतो, एकही सम चुकली नाही. दुसऱ्या कडव्याला मागच्या काकूंनी खांद्यावर टिचकी मारून ओडोमॉसची ट्यूब पुढे केली.